चार नंबरची कुमक

डाव्या हातात सुया टोचून मी चिकटपट्टी लावली की तो उजव्या हातानं फोन पोटावरच्या उशीला टेकवायचा आणि म्हणायचा, "चला मॅडम, ड्युटी सुरू!"

आमच्या डायलिसिसच्या खोलीत माणसं बेडच्या नंबरानं ओळखली जातात. हा चार नंबर. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळचे चार तास. उजनीच्या काठच्या गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा सोलापुरात थोरल्या बहिणीकडे राहायला आला. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई करायची. याचं लग्न झालेलं नव्हतं. आता कोण पोरगी देतंय, असं तोच हसत सांगायचा.

डायलिसिसचे पेशंट तुम्ही पाहिले असतील. बहुतेक जण छताकडे बघत पडून असतात. हा लढाई करायचा. फोनवरचा खेळ. आपला एक तळ असतो, फौज असते, आणि दुसऱ्यांचे तळ जिंकून घ्यायचे असतात. त्याची एक टोळीही होती. एकमेकांचं तोंड न पाहिलेली, कुठल्या कुठल्या गावची माणसं, आणि त्यांचा हा सरदार. चार तास जागचं हलायचंच नाही म्हटल्यावर सरदारकी आपोआप येते. एकदा टोळीतल्या कुणीतरी विचारलं, "भाई, सुबह सुबह चार घंटे ऑनलाइन? नौकरी नहीं है क्या?" त्यानं माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, 'ड्यूटी पर हूँ.' आजाराचं एक अक्षर त्यांना कळू दिलं नाही.

एका हातानं लढायचं म्हणजे पंचाईत. येता-जाता मी त्याचा दुसरा हात व्हायची. पन्नाशीची बाई मी, पण खोटं कशाला बोलू, मलाही चटक लागली होती. "आदी त्येंची भिंत पडू द्या, मॅडम. घाई नगं," असं तो मला दटावायचा. टोळीत कुणाच्या तळावर हल्ला आला की त्याला कुमक मागता यायची. हा मागेल त्याला द्यायचा, स्वतःचा तळ निम्मा रिकामा करून. स्वतः मात्र कधी मागायचा नाही.

बहिणीशीही त्याचं हेच. ती किडनी द्यायला तयार होती, मेहुण्यांचीही हरकत नव्हती. निदान तपासणी तरी करू दे, म्हणून ती माझ्यापाशी येऊन रडायची. मी एकदा त्याला चांगलं झापलं. तो शांतपणे म्हणाला, "शिपाई मेलं तर धा मिन्टात नवं हुत्यात, मॅडम. आक्काकडं दोनच हायत. आन् पदरात लेकरं हायत."



मग एका शनिवारी माझ्या हातून घोटाळा झाला. त्याचं बीपी उतरलं, पायांत गोळे आले. मी मशीन सांभाळलं, पाय चोळले. जरा बरं वाटल्यावर तो कण्हत म्हणाला, "निम्मी फौज पाठवा." मी सगळीच पाठवली.

"आवो, घरात कोण हाय आता?" तशाही अवस्थेत तो हसला. तेवढ्यात त्याच्या तळावर शत्रू चालून येत असल्याची सूचना आली. त्याला हात उचलवत नव्हता. मी त्याला न विचारता कुमक मागायचं बटण दाबलं.

पाच मिनिटांत तळ भरला. कुणी पन्नास शिपाई पाठवले, कुणी दोनशे. एकानं तर होते नव्हते तेवढे सगळे पाठवले. तो पडद्यावरची नावं एकेक करून वाचत गेला.

"मागितलं की देत्यात व्हय माणसं?"

"मग मागा की!" मी म्हटलं. "तुमची आक्का तरी वेगळं काय म्हणतेय?"

जाताना तो दारात घुटमळला. "आक्काला तुमीच सांगा, तपासणी कर म्हणावं. माज्या तोंडातनं न्हाय निघायचं."

तपासण्यांत दोन महिने गेले. त्या काळात तो गावातलं मोटारींचं दुकान पुन्हा उघडायच्या गोष्टी करायला लागला. माझं मन मलाच शाबासकी देत होतं. आता ते आठवून लाज वाटते.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी चार नंबर रिकामा राहिला. मी फोन लावला, कुणी उचलला नाही. गुरुवारी बहीण आली. हातात फाइल होती.

"रिपोर्ट शनवारी आला, मॅडम. जुळतंय," ती म्हणाली. माझ्या चेहऱ्यावर हसू येतंय हे बघून तिनं घाईनं पुढचं सांगितलं. तो सोमवारी सकाळी गेला. छातीत कसंतरी हुतंय, हातापायात जीव न्हाय, म्हणाला आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं.

रविवारी आनंदानं तिनं दोन शहाळी आणली होती. उन्हानं घर तापलेलं. दोन वर्षं तो घोट मोजून पाणी पीत होता. "म्हणला, आता आक्काची किडनी मिळणार, आता काय भ्याचं? दोनी प्याला. मीच फोडून दिली." ती माझ्याकडे बघत राहिली. "शाळ्यानं काय हुतंय का, मॅडम?"

शहाळ्यात किती पोटॅशियम असतं आणि दोन दिवस डायलिसिस न झालेल्या माणसाच्या हृदयाचं त्यानं काय होतं, हे मी प्रत्येक नव्या पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते. त्यालाही सांगितलं होतं. तेव्हा ती शेजारीच बसली होती.

"नाही हो," मी म्हटलं. "शहाळ्यानं काही होत नाही."

तिनं मान हलवली, फाइल पिशवीत घातली आणि कठड्याला धरून जिना उतरून गेली.