लूपमधला 'एल्स'

"मॅडम, अलार्म वाजतोय, पण स्टीम बंद होत नाही!" ऑपरेटर रमणभाई ओरडले.

वाघोडियाच्या एका रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ बनवणाऱ्या कारखान्यात आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमवर बॅच चालू होती. रिअॅक्टर म्हणजे बाहेरून वाफ देऊन तापवायची मोठी बंद टाकी. आत वेगवेगळ्या उंचीवर तापमानाचे सेन्सर. एक जरी जास्त तापला, तरी प्रोग्रॅमने वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा. स्क्रीनवर दोन सेन्सर लाल होते आणि व्हॉल्व्ह उघडाच.

"हाताने बंद करा!"

रमणभाईंनी धावत जाऊन चाक फिरवलं. तरी आकडा चढतच होता. मग थांबला. हळूहळू उतरायला लागला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

तेवढ्यात प्लॅन्ट मॅनेजर देसाईसाहेब आले. "सेन्सर खोटं दाखवत असेल. ऑटोवर टाका. थंड पडलं तर माल टाकीतच दगड होईल."

ते खरं होतं. पण मी म्हणाले, "ऑटो नाही, साहेब. कारण सापडेपर्यंत रमणभाई थर्मामीटर बघून हाताने वाफ देतील."

"आणि बॅच गेली तर?"

"टाकी फाटण्यापेक्षा बरं."

माझी सहकारी ऋचा लॅपटॉप उघडून बसली होती. चेहरा पांढरा पडलेला. "ताई, मी काल एकच ओळ काढली. 'ब्रेक'. पहिला गरम सेन्सर सापडला की लूप थांबायचा, बाकीचे गरम दिसायचेच नाहीत. देसाईसाहेबांना सगळे गरम सेन्सर स्क्रीनवर हवे होते. टेस्ट केलं, सगळे दिसले."

"आणि व्हॉल्व्ह?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, सेन्सर एकेक करून तपासतो. मूळ प्रोग्रॅममध्ये गरम सापडला की अलार्म, व्हॉल्व्ह बंद, आणि 'ब्रेक', म्हणजे लूपमधून बाहेर. लूपखाली 'एल्स' होतं: व्हॉल्व्ह उघडा. एल्स म्हणजे 'नाहीतर'. ऋचाने वाचलं, गरम असेल तर बंद, नाहीतर उघडा. कुणीही तसंच वाचेल. पण पायथन भाषेत लूपच्या एल्सचा अर्थ आहे, 'ब्रेक न लागता लूप संपला तर'. ब्रेकच काढल्यावर लूप दर वेळी शेवटपर्यंत जाणार आणि एल्स दर वेळी चालणार. 'बंद कर' पाठोपाठ 'उघड'.

आम्ही एल्स काढून टाकलं. कुठे गरम सापडलं का, याची वेगळी खूण ठेवली आणि लूप संपल्यावर ती साध्या 'इफ'ने, म्हणजे 'जर'ने, तपासली. मग एका सेन्सरचं खोटं जास्त तापमान दिलं. व्हॉल्व्ह धाडकन बंद झाला.

"चालो, हवे ऑटो," देसाईसाहेब गुजरातीत म्हणाले; चला, आता ऑटो. आता ऑटोवर टाकायला माझीही हरकत नव्हती.

माल वाचला, पण काळपट झाला. दुय्यम दर्जाचा म्हणून गेला.

"ताई, मी या कामातून बाहेर पडू का?" ऋचाने विचारलं.

"आधी व्हॉल्व्हची टेस्ट लिही."

अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस निदान विचारतो. ओळखीच्या शब्दाचा कुणी विचारत नाही.