क्षमेच्या ओळीवरचा खोकला

...तर भिंतीपर्यंत आलो होतो ना आपण? हां. भिंत म्हणजे विटांची नव्हे, फळ्यांची. उभी केली होती सुतारबुवांनीच, सख्ख्या धाकट्या भावाशी बोलणं टाकल्यावर, दोघांच्या कामाच्या खोलीच्या मधोमध. कारण काय, तर वडिलांचा रंधा. धाकट्यानं न विचारता कुणाला तरी वापरायला दिला आणि तो दुभंगून परत आला. बुवा कडाडले, "रंधा नाही, बाबांचा हात मोडलास तू!" झालं. तेव्हापासून इकडचा भुसा इकडे, तिकडचा तिकडे.

माणूस देवभीरू, बरं का. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. पण प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सुरू झाली आणि क्षमेची ओळ आली, 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली, तशी आम्हांलाही कर', की बुवांना नेमका खोकला यायचा. ओळ संपली की खोकला गायब! मागच्या म्हाताऱ्या तर त्या खोकल्यावरून ओळखायच्या, प्रार्थना कुठवर आली ते. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा खोकलेलं बरं, असा बुवांचा साधा हिशेब.

आणि एके सकाळी धाकट्याच्या छातीत कळ आली. थेट ऑपरेशन. बुवा दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून पुटपुटत होते, "देवा, एवढ्या वेळी त्याला वाचव. मग मी बघतोच त्याच्याकडे!"

बायकोनं कोपर मारलं. "अहो, ही प्रार्थना म्हणायची की धमकी?"

बुवा ओशाळले. पुन्हा हात जोडले, आता मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना धरली, आणि काय सांगू, त्या ओळीवर आला की खोकला! ऐकणारा एकटा देव, तरी ओळ काही पुढे सरकेना. तसे ते ताडकन उठले आणि चालू लागले.

"अहो, भाऊ आत टेबलावर आणि तुम्ही निघालात कुठे?"

"खोकल्याचं औषध करायला."

गेले थेट कामाच्या खोलीवर. भिंत काही निघता निघेना. स्वतःच्याच हातची जोडणी ती! "काय रागानं पिळलेस रे मेल्या," असं स्वतःलाच म्हणत त्यांनी एकेक स्क्रू सोडवला. शेवटची फळी निघाली, वाऱ्यानं दोन्हीकडचा भुसा एक झाला. बुवा त्यातच गुडघ्यांवर बसले. अख्खी प्रार्थना म्हटली, शेवटपर्यंत. घसा मोकळा! भाऊ जगतोय की नाही, हे अजून ठाऊक नव्हतं. तरी छातीवरचा धोंडा उतरला होता. त्यानंतर वाजला फोन. बायको रडत हसत होती, "वाचले हो भावोजी!"

धाकट्याला बोलता येऊ लागलं, तोवर भिंतीची बातमी त्याच्या कानी गेलीच होती. उशीवरूनच म्हणाला, "दादा, आणि मी गेलो असतो तर? मेहनत फुकटच की रे."

बुवांनी त्याचं पांघरूण नीट केलं. "फुकट कशी? देवाला म्हटलं, हा तुझ्या हाती आणि माझा रागही तुझ्याच हाती, दोन्हीचं काय करायचं ते तू बघ. आता उठ लवकर, तुझ्या बाजूचा सगळा भुसा माझ्याकडे येतोय."