सातने न जाणारी संख्या

गणिताच्या सरांना बऱ्याच वर्षांनी भेटायला गेलो, तेव्हा ते वहीत ९,९९,९८३ ला सातने भागत बसले होते. दहा लाखांच्या आतली ही सर्वांत मोठी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, हे मला सरांनीच शिकवलं होतं.

"काल भाग गेला होता. आज पाच उरतायत," सर घाबरून म्हणाले.

"सर, पाचच उरणार. नेहमीच."

"संख्या बदलायला लागल्यात. जपून राहा."

माणसं विसरतात, संख्या नाही, याच भरवशावर ते आयुष्यभर जगले होते.

"हो म्हण रे," त्यांच्या मागून काकू पुटपुटल्या.

मी हो म्हणालो. सरांचा चेहरा निवळला. मला मात्र पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली.