चिंचेत भिजलेली रोमन नाणी

कारंज्याला आमचं भांड्यांचं दुकान आहे. लोक फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालतात आणि नवी नेतात. दादाला मात्र भलत्याच तांब्याचा नाद होता. चौथ्या शतकातली रोमन नाणी, शर्टाच्या गुंडीएवढी, काळपट हिरवी. दक्षिणेतल्या नद्यांच्या वाळूत ती सापडतात म्हणे. नागपुरात नाण्यांचं प्रदर्शन भरलं की हा दुकान माझ्या गळ्यात टाकून पळायचा आणि चिमूटभर नाणी घेऊन यायचा.

"वाशिमात वाकाटकाइचं राज्य होतं ना, तवाचे हायेत हे," तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा. गिऱ्हाईक बिचारं बादली घ्यायला आलेलं असायचं. मी म्हणायचो, "दे इकडं, मोडीत घालतो." तो हसायचा आणि बाभळीच्या काट्यानं नाण्यातली माती कोरत बसायचा.

मग काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागे. फक्त संध्याकाळी नाण्यांची डबी मांडीवर घेतली की माणसात यायचा. नाण्यावर अंगठा फिरवत सांगायचा, "हे दोन शिपाई, मधात झेंडा. हा घोड्यावरून पडला. ही लांडगीण, पोट्टे पाजून राह्यली." वहिनी भाजी निवडता निवडता ऐकायची. तेवढ्या वेळापुरता तिचा नवरा तिला परत मिळायचा.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे दुकानातलं आणि घरातलं सगळं तांबं-पितळ चिंच-मिठानं घासतात. त्या वर्षी वहिनीनं ती नाणीही चिंचेच्या कोळात रात्रभर भिजत घातली. आता त्यांच्याकडे बघणारं कोणी नाही, लक्ष्मीपुढे तरी चकचकीत दिसावीत, एवढंच तिच्या मनात. पण इतक्या जुन्या तांब्यावरची चित्रं त्या हिरव्या थरातच उरलेली असतात. थर गेला की चित्र गेलं.

पूजेच्या ताटात मी ती पाहिली. लालभडक, गुळगुळीत टिकल्या. मला वहिनीचा भयंकर राग आला. तोंड उघडणार, एवढ्यात दादानं एक नाणं उचललं. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्याचा चेहरा विझला.

"कसे झाले?" वहिनीनं विचारलं. "हातानं घासले मी, एकेक."

"लय साजरे झाले," दादा म्हणाला. "हे पाह्य, दोन शिपाई."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच चालतं. तो कोऱ्या टिकल्यांवर अंगठा फिरवून शिपाई सांगतो, लांडगीण सांगतो, आणि वहिनी खुश होते; डोळ्यांना न दिसणारं त्याच्या अंगठ्याला लागतं, असं तिला वाटतं. मी मान खाली घालून ऐकतो. मला ते सहन होत नाही.

परवा नागपूरला गेलो तेव्हा मी एक नाणं घेतलं. शिपायाचा भाला बोटाला टोचेल इतकं स्वच्छ उमटलेलं. वहिनी देवळात गेली होती, तेव्हा ते गुपचूप दादाच्या हातात ठेवलं. त्याचा अंगठा थांबला. पुष्कळ वेळ तो त्या भाल्यावरून बोट फिरवत राहिला. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यानं ते माझ्या मुठीत परत कोंबलं.

"हे घेऊन जाय तू."

"काहून दादा?"

"हे वाचताना माहा आवाज बदलते. बाकीचे मी खोटंच वाचतो, हे तिले समजन."