खंड पडलेली वर्षं

आमच्या घरी छापल्या जाणाऱ्या पत्रकांवर खालची नावं अकारविल्हे असायची. युनियनचा अध्यक्ष असो की मागाखालची रुई झाडणारी बाई, ज्याचं नाव ज्या अक्षरावरून त्याची तीच जागा. वडिलांचं नाव ‘ह’वरून, त्यामुळे ते कायम तळाला, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. स्वयंपाकघरात गुलाबी कागदाचे गठ्ठे पसरलेले असायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले, पुढे त्यांवरच्या चुका काढायला, आणि कॉलेजात गेल्यावर पत्रकं लिहायलाही. वडील यंत्रमागावर होते. पन्नाशीच्या आत त्यांचे कान गेले. आता मी फोन करते तेव्हा आई बोलते, आणि ते शेजारी बसून तिच्या ओठांकडे बघतात.

अशा घरातली मी, दिल्लीत येऊन एका खासदाराच्या ज्येष्ठतेसाठी भांडले. दोन पानी टिपण लिहिलं आणि जिंकलेही.

मी ज्यांच्याकडे काम करते त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, कारण निवडून येण्याआधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. बाई दोनदा लोकसभेवर गेल्या, तिसऱ्यांदा पडल्या, पाच वर्षं घरी बसल्या आणि या खेपेला पुन्हा आल्या. त्यांची पत्रं, प्रश्न आणि भाषणं मी लिहिते. राहते लक्ष्मीबाई नगरात, मंत्रालयात नोकरीला असलेल्या एका मराठी कुटुंबाकडे, मागच्या खोलीत.

त्या घरातल्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात मला दिल्ली समजावली होती. “इथे कुणाला नाव विचारत नाहीत गं. काका कुठल्या बॅचचे, क्वार्टर कुठल्या टाइपचं, एवढं विचारतात. तेवढ्यावरून ठरवतात, चहाबरोबर बिस्किटं द्यायची की काजू.”

मी हसले होते. संसदेचं त्याहून वेगळं असेल असं मला वाटलं होतं. तिथे सगळे निवडून आलेले, एकाला एक मत, म्हणजे सगळे सारखे.

तिथेही उतरंड असते. खासदाराची ज्येष्ठता वयावर नाही, तो किती वेळा निवडून आला यावर ठरते, आणि त्यावर बरंच काही लटकलेलं असतं. घर कुठलं, समिती कुठली, रांग कितवी, आणि आमच्या पक्षात तरी, कोण कोणाच्या आधी बोलणार. पण ‘किती वेळा’ हे मोजायचं कसं, यावर एकमत नाही. कुणी म्हणतं एकूण मोजा, कुणी म्हणतं सलग मोजा. बाई तीनदा निवडून आल्या. सलग मोजलं, तर एकदाच.

आमच्या पक्षाच्या संसदीय कार्यालयात ही यादी एका म्हाताऱ्या बाबूजींच्या हातात होती. वस्त्रोद्योगावरच्या चर्चेसाठी आमच्या पक्षाला अर्धा तास मिळाला होता. बोलणारे चौघे, आणि त्यात बाई चौथ्या. तिसरे होते आमच्याच राज्यातले एक तरुण खासदार, पहिल्यांदाच निवडून आलेले. मी तडक बाबूजींकडे गेले.

“तीन बार की सांसद, और पहली बार वाले के पीछे?”

“बीच में टूटा, तो टूटा,” बाबूजी चष्मा पुसत म्हणाले. “मेरे हिसाब से दोनों पहली बार के हैं. इन्होंने शपथ पहले दिन ली, आपकी मैडम ने चार दिन बाद.”

“उन्हें बुखार था!”

“होगा. नौकरी में भी यही होता है, मैडम जी. ब्रेक हुआ, गिनती नए सिरे से.”

चौथा म्हणजे काय, हे मला तोवर कळलं होतं. आधीचे तिघे वेळ खातात आणि चौथ्याला भाषण ‘पटलावर ठेवावं’ लागतं. म्हणजे कागद टेबलावर द्यायचा. तो कामकाजात छापला जातो, पण कुणी तो ऐकत नाही. आणि हे भाषण ऐकलं जायला हवं होतं, कारण मी तसा शब्द दिला होता.

तो पानिपतात दिला होता. भाषणासाठी माहिती हवी म्हणून मी तिथे दोनदा जाऊन आले होते. चादरी आणि ब्लँकेटं विणणाऱ्या एका शेडमध्ये एक मौसी भेटल्या, पन्नाशीच्या. आवाजाने त्यांचा एक कान पूर्ण गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. त्या माझ्याकडे बघत होत्या ते अगदी वडिलांसारखं, ओठांकडे. मी त्यांना कानांबद्दल शंभर प्रश्न विचारले. मग सांगितलं की मागावरच्या प्रत्येकाचे कान दर वर्षी तपासले जावेत, नुकसान झालं तर भरपाई मिळावी, ही मागणी आमच्या बाई भर सभागृहात करतील.

“टीवी पे आएगा?” मौसींनी विचारलं.

“बिल्कुल आएगा.”

म्हणून मी टिपण लिहिलं. टिपणं लिहायची सवय होतीच, फक्त कधी कुणाला वर चढवण्यासाठी लिहिलं नव्हतं. सोपं गेलं, याचं मला आता वाईट वाटतं. ‘एकदा केलेलं काम मधल्या खंडामुळे न केलेलं ठरत नाही’ असं हिंदीत लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. बाईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “जाऊ दे गं, तिसरी काय आणि चौथी काय.” पण कागद परत देण्याआधी त्यांनी तो दोनदा वाचला. पाच वर्षं घरी बसल्याचं त्यांच्याशी कुणी कधी बोलत नसे. त्या वाक्यावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं होतं.

टिपण वरपर्यंत गेलं आणि मंजूर झालं. बाई तिसऱ्या आणि ते तरुण खासदार चौथे. बाबूजींनी पट्टी लावून नवी यादी आखली. “चलो, आप जीत गईं,” एवढंच म्हणाले.

त्या चौथ्या माणसाला मी साधा फोनही केला नाही. त्यांना घर मिळालेलं नव्हतं, कोपर्निकस मार्गावरच्या आमच्या राज्याच्या जुन्या सदनात बायकोसह एका खोलीत राहत होते. मी त्या रस्त्याने रोज जात होते.

चर्चेच्या दिवशी मी लक्ष्मीबाई नगरात काकूंच्या टीव्हीसमोर बसले. पहिल्या वक्त्याने दहा मिनिटं घेतली. दुसऱ्याने तेरा घेतली, आणि त्यातली निम्मी आपल्या नेत्याच्या कौतुकात. बाई उभ्या राहिल्या. मी लिहिलेलं भाषण सात मिनिटांचं होतं. अजून जमेल, असं मी मनात मोजत होते.

तेवढ्यात समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, “पाँच साल कहाँ थीं?”

बाईंनी कागद खाली धरला. मला कळलं, आता संपलं. वर्गात मागून आलेलं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. “जनतेने घरी बसवलं होतं,” त्या हिंदीत म्हणाल्या, “आणि जनतेनेच उठवून पाठवलं. तुम्ही अजून बसला नाहीत, म्हणून तुम्हाला उठण्यातलं कळत नाही.” बाकं वाजली. बाई खुलल्या, त्या पाच वर्षांवर अजून दोन मिनिटं बोलल्या. मग कागद उचलून त्या पहिल्यापासून वाचायला लागल्या.

पहिल्यापासून. कारण मागणी शेवटी होती. ती मीच शेवटी ठेवली होती. पत्रकात मागणी शेवटीच असते, ठळक अक्षरांत, वाचणारा तिथवर तापून येतो म्हणून. पत्रकाला घंटा नसते.

घंटा वाजली. बाई म्हणाल्या, “एक मिनिट.” पुन्हा वाजली, आणि माइकचा दिवा विझला. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मला वडील आठवले.

मग पीठासनावरून सांगितलं गेलं की वेळ संपली आहे, उरलेल्या सदस्यांनी आपली भाषणं पटलावर ठेवावीत. मागच्या रांगेतून एक तरुण माणूस उठला, कागद दिला आणि जाऊन बसला. कॅमेऱ्यात तो दोन सेकंद दिसला असेल.

“अय्या, झालं पण?” काकू म्हणाल्या. “तुझं ते कानाचं कुठे आलं?”

संध्याकाळी बाई म्हणाल्या, “चांगलं झालं ना?” मी हो म्हटलं. त्या खरंच खूश होत्या आणि माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं.

दोन दिवसांनी कामकाजाची प्रत आली. चौथं भाषण मी तिथे वाचलं. त्याचं पहिलंच वाक्य होतं, माझी आई मागावर काम करून बहिरी झाली. दुसरं वाक्य मागणीचं. तपासणी, भरपाई, सगळं पहिल्या परिच्छेदात. मी प्रत घेऊन कोपर्निकस मार्गावर गेले. दार त्यांनीच उघडलं.

“या मॅडम, तुम्हीच ना त्या टिपणवाल्या?”

“सर, मला माफ करा.”

“सर काय, दादा म्हणा. माफी कसली? बाई मोठ्याच आहेत.” त्यांनी खुर्चीवरची साडी उचलून मला जागा करून दिली. “फक्त एक सांगतो. सगळ्यात शेवटी बोलणारा माणूस मुद्दा आधी सांगून टाकतो. तुम्ही कधी शेवटी बोलला नाहीत वाटतं.”

ज्यांचं नाव कायम तळाला असायचं, त्या माणसाची मी मुलगी.

रविवारी पानिपतची बस धरली. मौसींना समोरासमोर सांगायचं ठरवलं होतं. शेडबाहेरच्या ओट्यावर त्या बरोबरच्या तिघींसोबत डबा सोडत होत्या. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चौघींनी मिळून मोबाइलवर चर्चा पाहिली होती.

“मैडम का मुँह चल रहा था, आवाज़ नहीं थी,” त्या म्हणाल्या. “मैं समझी मेरा दूसरा कान भी गया.”

बाकीच्या हसल्या. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून. यादी, बाबूजी, चार दिवसांचा ताप, टिपण. बीच में टूटा तो टूटा, हेही सांगितलं. तिथे मौसींनी घास हातात थांबवला.

“वहाँ भी?”

“वहाँ भी मतलब?”

मग त्यांनी सांगितलं. दर अकरा महिन्यांनी ठेकेदार सगळ्यांची नावं काढतो. दहा दिवस घरी बसवतो, आणि मग तीच नावं नव्याने लिहितो. एकोणीस वर्षं त्या याच शेडमध्ये आहेत, कागदावर आठ महिने. आठ महिन्यांत कुणाचे कान जात नाहीत, त्यामुळे कान तपासले काय आणि न तपासले काय, भरपाई मागायला गेलं की ठेकेदार हजेरीचा कागद दाखवतो.

“मौसी, हे आधी का नाही सांगितलं?” मी हिंदीत विचारलं, पण आवाज घरच्यासारखा चढला.

“तूने कान पूछे थे,” त्या म्हणाल्या.

खरं होतं. मी वडिलांचे कान विचारत फिरत होते. आणि जी मागणी सभागृहात न पोचल्याबद्दल मी आठवडाभर जळत होते, ती पोचली असती तरी मौसींच्या कामी आली नसती. थकवा आला. ओट्यावर तशीच पाठ टेकवावी असं वाटलं.

“वो चिट्ठी है तेरे पास? मैडम वाली?”

मोबाइलमध्ये होती. मी ओरडून वाचून दाखवली. मधल्या खंडामुळे न केलेलं ठरत नाही, या वाक्याशी मौसींनी हात वर केला.

“ये ठीक है. इसमें से मैडम को काट, हमें डाल.”

वही काढली. सांसद खोडलं, कामगार लिहिलं. कार्यकाल खोडलं, नौकरी लिहिलं. फारसं बदलावं लागलं नाही, याची लाज वाटत राहिली. बाईंना ते वाक्य समजेल, एवढी खात्री होती. आणि दादांना पुन्हा शेवटी बोलावं लागलं, तरी ते या बायकांना पहिल्या वाक्यात घेतील. दोघांनाही द्यायचं ठरवलं. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. घंटा कुणासाठी थांबत नाही, हे आता कळलंय.

नावं लिहायची वेळ आली तेव्हा सगळ्यात तरुण मुलगी मौसींकडे बोट दाखवून म्हणाली, “पहले इनका. सबसे पुरानी ये हैं.”

“कागज़ पे तो तू और मैं बराबर,” मौसी म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

मी नावं अकारविल्हे लावली. मौसी चौघींत तिसऱ्या आल्या. मग नवं पान घेतलं, सगळं पुन्हा उतरवलं, आणि या वेळी मागणी पहिल्या ओळीत घातली.