दराचा रकाना

वडगावात माझ्या मामेभावाच्या, म्हणजे अण्णांच्या घरी, पुढच्या खोलीत एक हातमाग होता. गल्लीतल्या बाकीच्या घरांत पॉवरलूमचा खडखडाट. अण्णांच्या मागावर काठपदराच्या साड्या निघत आणि त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं: खानापूर भागातली शेतकरी घरं. लग्न ठरलं की ती पाहुण्यांसकट बस्ता बांधायला येत. अलीकडे तीही कमी झाली होती. "या सराईत बस्ते आले तर माग ऱ्हाईल," अण्णा म्हणाले, "न्हायतर काढायचा."

मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त माणसाला दुसऱ्याचा धंदा सुधारायची फार घाई असते. "वेबसाइट काढू," मी म्हणालो. "मी स्वतः करतो."

यूट्यूबवर बघत बघत शिकलो. आधी इतर साडीवाल्यांच्या साइट पाहिल्या. तिथं साधं कुणीच नव्हतं. ज्याला त्याला शतकांची परंपरा. अण्णांनाही तसंच हवं होतं.

"राजघराण्यात आमच्या साड्या जायच्या, असं घाल की."

"कुठल्या राजघराण्यात?"

"कुठल्या म्हणून कोण इचारतंय?"

ते वाक्य मी गाळलं. भाषांची तीन बटणं ठेवली: मराठी, कन्नड, इंग्रजी. त्यांतली पहिली कुठली, या प्रश्नावर आमच्या सीमाभागात माणसांनी आयुष्यं काढली आहेत. मी ती गोलात मांडली. वहिनींना साडी नेसून फोटोला उभं राहायची विनंती केली, तर म्हणाल्या, "भावजी, या वयात मला शोकेसात उभी करताय व्हय?" मग साडी दाराच्या चौकटीवरून सोडून फोटो काढले.

अडलं ते दराच्या रकान्यापाशी. तो भरल्याशिवाय साडी पानावर चढेना. अण्णा दर कधीच आधी सांगत नसत. आधी चहा, मग पाऊसपाणी, मग नवरदेवाचं गाव, आणि मग घडी मोडायची. दर सांगायचा तो चढवून. त्यावर मुलीची आत्या नाक मुरडणार, मामा मध्ये पडणार, अण्णा कपाळाला हात लावणार. यात अर्धा दिवस जाई.

"माणूस बघून दर सांगायचा असतो रं."

"अण्णा, लोकांना आता वेळ नसतो. एकदम शेवटचा दर टाकू, खराखुरा."

"शेवटचाच टाकला तर त्यांनी बोलायचं काय?" एवढं विचारून अण्णांनी दर सांगितला. इतकं सचोटीचं पान साऱ्या इंटरनेटवर नसेल, असं मला वाटलं.

मग प्रचार. भावकीचे, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांचे, देवळाच्या जीर्णोद्धाराचे, सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप मी पिंजून काढले. हिंडलग्याला एका बारशात पाळणा म्हणणाऱ्या बायकांपुढेही मोबाइल धरला. सगळीकडून जोडलेले हात, फुलं आणि 'अप्रतिम' आले. अप्रतिम म्हणणाऱ्या कुणी साडी घेतली नाही.

सराई निम्मी सरल्यावर सांबऱ्याला एका लग्नात आम्हाला अण्णांचं पिढीजात गिऱ्हाईक भेटलं. नवऱ्या मुलाची आई. तिच्या अंगावर बाजारातल्या शोरूमची साडी. अण्णांची नजर तिच्या काठावर गेली. तीच म्हणाली, "अण्णा, रागावू नगा. तुमचं आता समदं फिक्स झालंय म्हणं. पोरीनं मोबाइलवर दावलं. फिक्सच घ्यायचं तर शोरूम काय वाईट? तितं एशी तरी हाय."

"तुमच्यासाठी कसलं आलंय फिक्स, आक्का?"

"छापलंय की."

घरी येताच मी सगळे दर, साड्यांसकट, पानावरून काढून टाकले. पण बस्ते बांधून झाले होते, आणि छापलेलं मागं घेता येतं यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही.

सराई संपली आणि माग निघाला. लाकूड चांगलं होतं. लाकूडवाले टेम्पो करून घेऊन गेले. अण्णा आता दुसऱ्याच्या शेडमध्ये पॉवरलूमवर देखरेख करतात. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा मी अण्णांच्या घरी बसलो असताना तीच आक्का धाकट्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. बस्ता शोरूममध्येच बांधला होता. नवरीची साडी मात्र अण्णांना दाखवायला पिशवीतून आणली होती. रिकाम्या खोलीत सतरंजीवर तिनं घडी मोडली. अण्णांनी काठ चिमटीत धरून चोळला.

"केवढ्याला पडली?"

तिनं सांगितलं.

"लुटलं की तुमाला."

"मग तुमी केवढ्याला दिली असती?"

अण्णांनी आकडा सांगितला. चांगलाच चढवून.

"आगं बाई! यवढा?" ती पदर सावरत उठली. "जाते मी."

"बसा वो आक्का. तुमी बोला की, काय द्यायचं त्ये."

ती बसली आणि बोलू लागली. वहिनींनी चहा आणला. मी माझा कप घेऊन बाहेर पायरीवर आलो. आतून दोघांचा आवाज चढत होता, उतरत होता. त्या साडीचे पैसे शोरूमला देऊन झाले होते.