भागीरथाबाईंचं डावं मनगट

"आई, तू घड्याळ काढून ठेवलं ना पुन्हा?"

पुण्याहून प्रफुलचा हा सकाळपासूनचा तिसरा फोन. भागीरथाबाईंनी गॅस बारीक केला आणि डाव्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तिथंच होतं. काळं, चौकोनी, पट्टा इतका आवळलेला की कातडीवर वळ उठले होते.

"हातात आहे माह्या."

"पण मोबाइलवर तर दाखवून राह्यलं हातात नाई म्हणून. सातपासून एक ठोका नाई."

"मंग मोबाइललेच विचार, मी जिती आहे का मेली."

"हे पाह्य आई, तुले घालायचं नसंल तर तसं सांग. खोटं काऊन बोलते तू?"

त्यांनी फोन ठेवला नाही, आपटला. भाजी करपली ती करपलीच.

खोटं. सत्तरीला टेकलेल्या भागीरथाबाईंना आयुष्यात बरेच शब्द ऐकावे लागले होते, हा मात्र कोणी लावला नव्हता. देवळी तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रांमध्ये चौतीस वर्षं त्यांनी नर्स म्हणून काढली. जन्म, मृत्यू, वजनं, लसी, सगळं त्यांच्या हातचं, सगळं रजिस्टरात. आकडा वाढवून दाखवा म्हणून वरून दम आला तरी न टोचलेल्या लेकरासमोर त्यांनी कधी बरोबरची खूण केली नाही. त्यापायी दोनदा बदली झाली. नवरा म्हणायचा, एक खूण केली तर तुझं काय जाते. तो गेला त्यालाही आता अकरा वर्षं झाली. बोरगाव मेघेच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत होत्या आणि कोणाला त्यांची काळजी करायची गरज पडत नव्हती. उलट सकाळी दहाच्या आत गल्लीतल्या चार बाया बीपी मोजून घ्यायला ओट्यावर बसलेल्या असत.

मग एप्रिलात, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, विहाराच्या अंगणात उन्हात ताक वाटता वाटता त्यांना भोवळ आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. हृदय ठीक आहे, कधीमधी एखादा ठोका चुकतो, नाडीवर लक्ष ठेवा, म्हणाले. नाडीवर लक्ष ठेवायचं भागीरथाबाईंना कोणी शिकवायची गरज होती का? पण प्रफुलनं निम्मंच ऐकलं. आठ दिवसांत कुरिअरनं घड्याळ आलं आणि घड्याळामागून अट आली. एक महिना हे दिवसरात्र घालायचं. ठोके त्याच्या मोबाइलवर दिसले तर आई बोरगावात राहील. नाही दिसले तर तो येऊन घराला कुलूप लावेल आणि तिला पुण्याला नेईल, सातव्या मजल्यावर, जिथं शेजारच्या दाराआड कोण राहतं हे त्यालाच ठाऊक नाही.

महिना रविवारी संपत होता. आज मंगळवार. आणि मोबाइलवर, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, आईचं घड्याळ बहुतेक वेळ टेबलावर पडलेलं होतं.

फोनवरून त्यानं सांगितलं ते सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. मागची काच ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली. पट्टा आवळला. घड्याळ बंद करून चालू केलं. "हाडाच्या दोन बोटं वर सरकव," तो म्हणाला, वर सरकवलं. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. कधी अचानक एकशे एकसष्ट, मग पुन्हा रेघा. एकशे एकसष्ट दिसले की तो घाबरून फोन करायचा, रेघा दिसल्या की चिडून. शांत तो कधीच नसायचा.

बुधवारी त्या वर्ध्याला मोतीलालच्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. मोतीलालनं घड्याळ काढून घेतलं, उलटंपालटं केलं आणि स्वतःच्या मनगटाला बांधलं. पाच सेकंदांत आकडा. बहात्तर.

"देखो माताजी. घडी एकदम फर्स्ट क्लास आहे."

"मंग माह्या हातावर काऊन चालत नाई?"

"आता उमर झाली ना. खून पतला होते, चमडी ढिली होते. घडी काय करन बिचारी."

"माह्या बीपीचं मशीन बरं पकडते माही उमर."

शेजारी उभं गिऱ्हाईक हसलं. मोतीलाल हसला नाही. त्यानं घड्याळ पुन्हा त्यांच्या डाव्या हाताला बांधून दिलं, रेघा आल्या तशी नजर काचेवरून न काढता म्हणाला, "झोपेत काढत तर नसान तुम्ही? बरेच बुजुर्ग काढतात आन् विसरतात."

म्हणजे आधी खोट्या, आता विसरभोळ्या. पायऱ्या उतरताना भागीरथाबाईंचं डोकं इतकं तापलं होतं की ऑटो न करता त्या बजाज चौकापर्यंत तरातरा चालत गेल्या. आणि चालता चालता एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली. मोतीलालनं घड्याळ पाहिलं होतं. हात पाहिला नव्हता. प्रफुलनं तर महिनाभर दोन्ही पाहिलं नव्हतं, फक्त मोबाइल पाहिला होता.

उपकेंद्रात लेकराचं वजन भलतंच आलं की त्या काय करायच्या? तेच लेकरू दुसऱ्या काट्यावर, आणि त्याच काट्यावर दुसरं लेकरू. घड्याळ मोतीलालच्या हातावर चालतं. म्हणजे काटा बरोबर. मग लेकरातच काहीतरी आहे.

गुरुवारी सकाळी, नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा, त्या ओट्यावर बसल्या. शेजारी जुनं रजिस्टर, त्यात पट्टीनं आखलेले तीन रकाने: वेळ, घड्याळ, बोटं. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटाच्या नाडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजलं. अठ्ठ्याहत्तर. मनगटावर दोन रेघा. त्यांनी पट्टा सैल करून घड्याळ जरा उचललं. खालून ठोके मोजणारा हिरवा उजेड लुकलुकत होता. तो कातडीवर पडत होता, आणि कातडीवर निळ्या शाईनं लिहिलं होतं, जयभीम.

त्या बघतच राहिल्या. अक्षरं त्यांची स्वतःची. बारा वर्षांच्या होत्या, वडिलांबरोबर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. गर्दीच्या कडेला एक जण गोंदायचं बॅटरीवरचं मशीन घेऊन बसला होता. वडील म्हणाले, लिहून घे, रडजो नको. मनगटावर ठसठशीत चार अक्षरं आणि त्यांच्या वर, दोन बोटांच्या अंतरावर, पिंपळाचं पान. त्या रडल्या नव्हत्या.

त्यांनी घड्याळ उजव्या हाताला बांधलं. पाच सेकंद. एकोणऐंशी. बोटांनी मोजलं, अठ्ठ्याहत्तर. डाव्या हाताला बांधलं, रेघा. वर सरकवलं, पानावर, एकशे त्रेपन्न. उजव्याला, ऐंशी. असं तीनदा केलं, तिन्ही वेळा लिहून ठेवलं. शाई उजेड गिळत होती, एवढं कळायला कोणत्या इंजिनिअरची गरज नव्हती.

यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट असा संताप आला की त्यांनी रजिस्टर धाडकन मिटलं. आणि तो प्रफुलवर नव्हता, मोतीलालवर नव्हता.

घड्याळ डाव्या मनगटावर, नेमक्या त्याच जागी का बांधलं होतं त्यांनी? कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिथं गेला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी, देवळीच्या पुढच्या एका गावात, एका मोठ्या घरचं बाळंतपण त्यांनी पहाटेपर्यंत जागून सुखरूप केलं. उजाडल्यावर बाळाच्या आजीची नजर त्यांच्या मनगटावर गेली. म्हातारीनं बाळ त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि उंबऱ्याबाहेर पाहून विचारलं, "दुसरी बाई नाई का कोणी?" ही गोष्ट वरिष्ठ प्रमिलाबाईंच्या कानावर गेली. प्रमिलाबाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "घड्याळ तेवढं त्याच्यावर बांधत जा. नर्सले घड्याळ लागतेच. काम होऊन जाईल."

काम झालं. सेकंदकाट्याचं, रुंद पट्ट्याचं घड्याळ. चौतीस वर्षं. पान उघडं राहायचं, पानाला कोणाचीच हरकत नव्हती. निवृत्तीनंतर ते घड्याळ बंद पडलं, पेटीत गेलं आणि मनगट मोकळं झालं. मुलानं नवं पाठवलं आणि त्यांनी, विचार न करता, पुन्हा झाकलं.

त्या दिवशी त्यांनी बायांची बीपी मोजली, चार घास खाल्ले, पण प्रफुलला फोन केला नाही. घड्याळ काढून चार्जिंगला लावलं ते रविवारपर्यंत तसंच राहिलं. त्याचे फोन येत राहिले. "हातात नाई," त्या दर वेळी सांगत. "आता खरंच नाई. येजो रविवारी."

प्रफुल आला तो मोठी रिकामी बॅग घेऊनच. चहा होईपर्यंत त्यानं कपाटाच्या वरचं सामान नजरेनं मोजलंसुद्धा. भागीरथाबाईंनी रजिस्टर त्याच्यापुढे ठेवलं.

"वाच."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल झाले. "मंग आधीच उजव्या हातात घालायचं ना आई. एवढीशी तर गोष्ट."

"एवढीशी गोष्ट तुले महिनाभर नाई सुचली. खोटारडी मात्र बरी सुचली."

"मी तसं नाई म्हटलं."

"मंगळवारी म्हटलं. बारा वाजले होते, माही भाजी जळली होती. लिहून ठेवू का?"

मग त्यांनी डावा हात त्याच्यासमोर टेबलावर ठेवला, उताणा नाही, पालथा.

"हे कधीचं?" त्यानं विचारलं.

"तुह्या जन्माच्या सोळा वर्षं आधीचं."

"मले तर पानच आठवते."

"पानच दिसत होतं. बाकीच्यावर घड्याळ राहे." आणि त्यांनी ते बाळ, ती म्हातारी आणि प्रमिलाबाई, सगळं चार वाक्यांत सांगून टाकलं, जसं ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला सांगतात.

प्रफुलनं हात पुढे केला. त्यांनी आपला मागे घेतला. "गळा काढू नको. नाडी मोज."

"मले नाई येत."

"नर्सच्या पोराले नाई येत. तीन बोटं ठेव. अंगठा नाई, अंगठ्याले स्वतःची नाडी राह्यते. एक मिनिट पूर्ण, भिंतीवरचं घड्याळ पाह्य, माह्या तोंडाकडं पाहू नको."

त्यानं मोजलं. चौऱ्याऐंशी. एकदा त्याच्या बोटांखाली ठोका चुकला आणि तो दचकून थांबला. "हेच आहे ते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलेलं. याच्यासाठी तू मले सातव्या मजल्यावर ठेवणार होता. चूक झाली, पुन्हा मोज."

संध्याकाळी तो परत निघाला तेव्हा बॅग आली तशीच रिकामी होती. भागीरथाबाईंनी तीत दोन किलो तूरडाळ टाकली, कारण रिकामी बॅग परत न्यायची पद्धत त्यांच्या घरी नव्हती. घड्याळ त्यांनी त्याच्या देखत उजव्या हाताला बांधलं. डाव्या हातात काही नाही, यापुढे काही असणारही नाही, हे त्याला सांगितलं.

बस यवतमाळ नाक्यावरून सुटली तोच फोन वाजला.

"आई, एकशे चार दाखवून राह्यलं. काय झालं? बसली आहे ना तू?"

"उभी आहे."

"मंग एकशे चार काऊन?"

"अजून राग गेला नाई म्हणून," त्या म्हणाल्या. "बरोबर दाखवून राह्यलं आता."